ऑक्टोबरचा हट्ट सोडा

पत्र: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी आणि यंदाही ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत गेलो. पानगळीआधीचे रंग पाहिले, पण त्याहून जास्त वेळ गाड्यांच्या रांगाच पाहिल्या. गाडी लावायला जागा मिळेना. आता एप्रिलमध्ये सासूसासरे येत आहेत, ऑक्टोबर लागताच परत जातील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा आठ वर्षांचा आहे. मिस्टर म्हणतात, फॉल कलर्स नसतील तर तिथे बघायचं काय, त्यापेक्षा आईबाबांना नायगारा दाखवू. मला मात्र ती तळी, ते जंगल वर्षभरात वेगवेगळ्या वेळी पाहायचं आहे, अगदी बर्फातसुद्धा. हा वेडेपणा आहे का? आणि आईबाबांना न्यायचं तर नेमकं कधी?
एक सूनबाई, न्यू जर्सी

उत्तर: सूनबाई, यात वेडेपणा काहीच नाही. आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. फेब्रुवारीत तुम्ही तिघं जाऊन या. आईबाबांना जुलैच्या उत्तरार्धात न्या, आणि सुटी जुळली तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा न्या. एप्रिल, मे आणि जून त्यांच्यासाठी वगळा. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला पुढच्या वर्षी दुसरीकडे कुठेतरी जा.

दोन्ही वेळा तुम्ही गेलात ते त्या प्रदेशाच्या एका कोपऱ्यात, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या शनिवार-रविवारी. अ‍ॅडिरॉन्डॅक पार्क सुमारे ६० लाख एकरांवर, म्हणजे २४ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. आत तीन हजारांहून जास्त तळी आहेत. शिरायला फाटक नाही, तिकीट नाही, कारण हे नेहमीसारखं नॅशनल पार्क नाही. न्यूयॉर्क राज्याने १८९२ मध्ये नकाशावर निळ्या रेषेने हद्द आखली, आणि त्या ‘ब्लू लाइन’च्या आत आजही शंभरावर गावं नांदतात. निम्म्याहून थोडी कमी जमीन राज्याची आहे, बाकी लोकांची. राज्याच्या मालकीचं जंगल कायम रानच राहील, ते विकता येणार नाही आणि तिथलं लाकूड तोडता येणार नाही, असं १८९४ मध्ये राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलं गेलं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे कलम टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुमच्या मुलाला पाहायला जे जंगल मिळतंय ते त्या कलमामुळे.

एवढ्या मोठ्या प्रदेशात एक ऋतू एकाच वेळी सगळीकडे येत नाही. दक्षिणेचं लेक जॉर्ज समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहे. लेक प्लॅसिड गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि सगळ्यात उंच माउंट मार्सी १,६२९ मीटर. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून ‘कधी जावं’ हा प्रश्न ‘कुठे’ याच्याशिवाय सुटत नाही. सप्टेंबर संपताना लेक प्लॅसिड आणि टपर लेकच्या बाजूला मेपल लालभडक झालेले असतात, आणि लेक जॉर्जच्या काठावर तोच रंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरतो. आईबाबा ऑक्टोबर लागताच परत जाणार म्हणून त्यांचे रंग हुकतील, हे मिस्टरांनी धरलेलं गृहीत त्यामुळे चुकतं. त्यांना फक्त वर, उत्तरेकडे न्यायचं. आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत न्यायचं, शाळेचा एखादा दिवस बुडला तरी बुडू द्या. राज्याचं पर्यटन खातं सप्टेंबरपासून दर आठवड्याला रंग कुठवर आलेत याचा अहवाल देतं, तो पाहूनच मुक्कामाचं गाव ठरवा.

पार्किंगचं एकदा सांगून टाकते. तुमचा वेळ बहुधा रूट ७३ वर, कीन व्हॅली ते कॅस्केडच्या पट्ट्यात गेला असणार. बऱ्याच प्रसिद्ध शिखरांच्या वाटा तिथूनच सुटतात, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावली तर दंड होतो. तिथल्या अ‍ॅडिरॉन्डॅक माउंटन रिझर्व्हच्या जागेत १ मे ते ३१ ऑक्टोबर आधी आरक्षण करावं लागतं. ते मोफत आहे, पण आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत. आईबाबा बरोबर असताना मात्र त्या रस्त्याला थांबायची गरजच पडणार नाही.

जुलै मी का सुचवते? तळ्यांसाठी. तळ्याचं पाणी हवेच्या बरंच मागे चालतं. बर्फ साधारण एप्रिलमध्ये फुटतो, त्यानंतर वरचं आणि खालचं पाणी ढवळून एक होतं, आणि मग वरचा थर हळूहळू तापायला लागतो. मे महिन्यात हवा पंचवीस अंशांची झाली, लोक अर्ध्या बाह्यांत हिंडू लागले, तरी पाणी अजून हिवाळ्याचंच असतं. अशा पाण्यात कुणी अचानक पडला तर पहिल्या मिनिटात श्वासच आवरत नाही. धाप लागते, तोंडात पाणी जातं. पट्टीचे पोहणारेही या पहिल्याच मिनिटात दगावतात, गारठून जाण्याची वेळ फार पुढची. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालावंच लागतं, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना बारा महिने. तुमच्या मुलाला जुलैतही घाला, आणि स्वतःही घाला. मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

जुलैच्या उत्तरार्धात हा वरचा थर पोहण्याजोगा झालेला असतो, चावऱ्या माश्यांचा हंगाम ओसरलेला असतो, आणि दिवस पंधरा तासांचा. रात्री मात्र लेक प्लॅसिडला बारा-तेरा अंशांपर्यंत गारवा उतरतो. ‘उन्हाळा आहे’ म्हणून आईबाबा स्वेटर घरी ठेवतील, तो तुम्ही आठवणीने बॅगेत टाका. दुपारनंतर विजांचा पाऊस येऊ शकतो, म्हणून बोटीत बसायचं आणि उंचावर जायचं ते सकाळीच.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून काही जागा सुचवते. लेक प्लॅसिड गावाच्या मधोमध मिरर लेक आहे. त्याच्याभोवती पावणेतीन मैलांची फरसबंद वाट आहे, जवळजवळ सपाट, आणि सगळी चालायलाच हवी असं काही नाही. शिखरावरून पाहण्याचा आनंद त्यांना मिळावा असं वाटत असेल तर व्हाइटफेस माउंटन. १९३५ मध्ये खुला झालेला तिथला टोल रस्ता गाडीला थेट माथ्याच्या खालपर्यंत नेतो, आणि पुढे डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून लिफ्ट १,४८३ मीटरच्या माथ्यावर सोडते. हा रस्ता साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. लिफ्ट चालू आहे ना, हे निघायच्या दिवशी नक्की पाहा, कारण तिच्याशिवाय उरतात त्या दगडी पायऱ्या, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. माथ्यावर वारा फार असतो, कान झाकायला काहीतरी हवं.

टपर लेकचं ‘वाइल्ड सेंटर’ मी आवर्जून सांगेन. हे निसर्गाचं संग्रहालय आहे, २००६ मध्ये सुरू झालेलं. २०१५ पासून तिथे झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून जाणारा पुलांचा रस्ता आहे, उतार इतका हलका की व्हीलचेअरही जाते. आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी एकाच वेळी, एकाच जागी रमतील अशी ठिकाणं थोडी असतात, त्यातलं हे एक. आजोबांना पाण्यातून फिरायचं असेल तर लेक जॉर्जच्या प्रवासी बोटी आहेत. ते तळं ३२ मैल लांब आहे, बोटीत निवांत बसून डोंगर बघायचे.

पहाटे किंवा रात्री पाण्यावरून एक लांब, कापरी हाक ऐकू येईल. तो लून. बर्फ फुटला की हे पक्षी समुद्रकिनाऱ्यावरून तळ्यांवर परततात, आणि जुलैत त्यांची पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरताना दिसतात. दिसली तर बोट जवळ नेऊ नका, दुर्बिणीतून बघा. लूनचं सगळं जगणं माशांवर असतं, आणि एक काळ असा होता की इथल्या कित्येक तळ्यांत मासेच उरले नव्हते. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर वाऱ्याबरोबर येऊन इथे आम्लाचा पाऊस होऊन पडायचा. पाणी काचेसारखं नितळ दिसायचं, कारण त्यात जगायला फारसं काही शिल्लकच नव्हतं. १९९० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक झाला, आणि त्यानंतर एकेक तळं सावरत गेलं. सगळी सावरलेली नाहीत. पण ज्यांना हे माहीत आहे त्यांना ती हाक वेगळीच ऐकू येते, म्हणून मुलाला हे आधी सांगून ठेवा.

त्याला आणखी एक सांगा. तुमच्या घराच्या इतक्या जवळून वाहणाऱ्या हडसनचा सगळ्यात उंचावरचा उगम माउंट मार्सीच्या खांद्यावरच्या एका इवल्याशा तळ्यात आहे. व्हर्प्लँक कॉल्व्हिन नावाच्या मोजणीदाराने १८७२ मध्ये ते शोधलं. मुलगा लगेच ‘मार्सीवर जाऊ या’ म्हणेल. मार्सी आपल्या कळसूबाईपेक्षा फक्त १७ मीटरने कमी आहे, आणि नेमकी इथेच आपली माणसं फसतात. कळसूबाई केलंय, हे काय मोठं, असं म्हणून निघतात. पण हा डोंगर कळसूबाईच्या कितीतरी उत्तरेला, ४४ अक्षांशावर आहे. माथ्यावर झाड उगवत नाही, उगवतात त्या बर्फाळ प्रदेशातल्या इंचभर उंचीच्या वनस्पती, ज्या एका पावलाने मरतात. आणि जाऊन-येऊन पंधरा मैलांच्या घरात चाल आहे. मुलासाठी हार्ट लेकच्या काठचा माउंट जो पुरे. वाट लहान आहे, थोडी दमवते, आणि माथ्यावरून तळं पायाशी आणि उंच शिखरं समोर दिसतात.

आता एप्रिल ते जून का नको, ते सांगते. तिथले लोक वर्षाचे चार भाग करत नाहीत. हिवाळा आणि उन्हाळ्याच्या मध्ये ते ‘मड सीझन’ आणि ‘ब्लॅक फ्लाय सीझन’ असे दोन धरतात. बर्फ वितळतो, खालची जमीन अजून गोठलेली असते, पाणी मुरायला जागा नसते आणि वाटांचा रबडा होतो. त्या दिवसांत अडीच हजार फुटांच्या वरच्या वाटांवर जाऊ नका, अशी विनंती राज्याचं पर्यावरण खातं दर वर्षी करतं. ही विनंती मनावर घ्या. चिखल चुकवायला लोक वाटेच्या कडेने जातात, कडेचा झाडोरा तुडवला जातो, वाट रुंदावते आणि पुढच्या पावसात मातीच वाहून जाते. खालच्या वाटेवर चिखल लागला तर बूट भरू द्या, पण मधूनच जा. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काळ्या माश्या. त्या स्वच्छ, खळाळत्या ओढ्यांत वाढतात, म्हणजे पाणी चांगलं असल्याची ती खूणच. पण केसांच्या कडेला, कानामागे चावतात, चावताना कळत नाही आणि नंतर सूज येते. वयस्कर माणसांना तिथे त्या दिवसांत कशाला बसवायचं? एप्रिलमध्ये आईबाबांचं जेट लॅग उतरू द्या आणि घराजवळच हिंडा.

तुम्हा दोघांना फारच उत्साह असेल तर मार्चमधला एखादा दिवस मेपलच्या बागांसाठी ठेवा. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं त्याच दिवसांत मेपलचा रस वाहतो, आणि सुमारे चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक होतो. ते आटवण्याचं काम, ती वाफ, मुलाला आवडेल.

तुमचं खरं स्वप्न बर्फाचं आहे, तर फेब्रुवारी. सॅरनॅक लेक गावात फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात विंटर कार्निव्हल असतो, १८९७ पासूनचा. गावकरी तळ्याच्या बर्फाच्या लाद्या कापतात आणि स्वतः राबून त्यांचा मोठा महाल उभारतात. हे गाव वाढलं ते क्षयरोग्यांमुळे. स्वतः क्षयाने आजारी असलेल्या डॉ. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो यांनी १८८४ मध्ये तिथे आरोग्यधाम काढलं, आणि औषध नव्हतं त्या काळात माणसं थंड, कोरड्या हवेत व्हरांड्यांवर निजून बरं व्हायची वाट पाहत. त्या लांबच लांब हिवाळ्यात रोग्यांना आणि गावाला विरंगुळा हवा, म्हणून हा उत्सव सुरू झाला. आजही गावातल्या जुन्या घरांना ते काचबंद व्हरांडे दिसतात, ते बघत एक चक्कर मारा.

तिथून लेक प्लॅसिड जवळच आहे. १९३२ आणि १९८० ची हिवाळी ऑलिंपिक तिथे झाली. बर्फ नीट धरलेला असेल तर मिरर लेकवर टोबॉगनची, म्हणजे बर्फावरच्या लाकडी घसरगाडीची, घसरगुंडी असते, तळ्यावर स्केटिंग असतं. मुलगा तुम्हाला निघू देणार नाही.

पण थंडीला कमी लेखू नका. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीचं तापमान उणे पंधराच्या आसपास असतं, आणि त्याहून खूप खालीही जातं. सुती कपडे अंगाला लागून नकोत, ते घामाने ओले होतात आणि वाळत नाहीत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला. गाडीला बर्फाचे टायर, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, गाडीत पांघरुणं. हाय पीक्सच्या, म्हणजे मार्सीसारख्या उंच शिखरांच्या भागात आठ इंचांहून जास्त बर्फ असेल तर स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) किंवा स्की लावणं बंधनकारक आहे. ते भाड्याने मिळतात. तळ्यावर चालायचं असेल तर स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान चार इंच जाड हवा. पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरा. जिथे ओढा तळ्यात येतो किंवा तळ्यातून निघतो, तिथे पाय ठेवूच नका, बाकीचं तळं कितीही घट्ट असलं तरी. आणि कुठे चालायचं हे दर वेळी तिथल्या माणसाला विचारा.

ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर मी तुम्हा दोघांसाठी सुचवते, आईबाबा परतल्यावर. पानं गळून गेलेली, पर्यटक गेलेले, आणि दलदलीच्या कडेचे टॅमरॅक तेव्हा सोनेरी होतात. सुईसारख्या पानांचं हे झाड हिवाळ्याआधी पानं गाळतं. मला मेपलपेक्षा हे जास्त आवडतं. मात्र ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, रानात शिरताना भडक केशरी जॅकेट घाला. आणि नोव्हेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, हे धरूनच परत फिरा.

थोडं व्यवहाराचं. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, कुकर घरून न्या, आणि किराणा मोठ्या गावातच भरून घ्या. खाण्याचं काही रात्री बाहेर किंवा गाडीत ठेवू नका, अस्वलं आहेत. शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका. प्रक्रिया न केलेलं लाकूड पन्नास मैलांपलीकडे हलवायला न्यूयॉर्कमध्ये बंदी आहे, कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात. पार्कच्या मोठ्या भागात फोन लागत नाही, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि आईबाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद, औषधं गाडीतच असू द्या. लेक प्लॅसिडपर्यंत तुमच्याकडून पाच तासांच्या आसपास लागतात. सासूबाईंना एवढं सलग बसणं जड जाईल, तर जुलैत जाताना पहिली रात्र लेक जॉर्जला काढा.

नायगारा जरूर दाखवा, पण वेगळ्या सहलीत. लेक प्लॅसिडहून तो पुन्हा पाच-सहा तासांवर आहे. दोन्ही एकात कोंबलं तर आईबाबा फक्त महामार्ग बघतील. नायगारा दीड दिवसात नीट होतो, त्याला मे महिना चांगला आहे.

राज्याच्या कॅम्पग्राउंडची आरक्षणं नऊ महिने आधी उघडतात आणि जुलैच्या चांगल्या केबिनही लवकर जातात. आईबाबा यायची वाट न पाहता जुलैचं आरक्षण आताच करा. फेब्रुवारीचं करताना प्रेसिडेंट्स डेचा आठवडा टाळा, त्या आठवड्यात शाळांना सुट्या असतात आणि तिथली गर्दी तुमच्या ऑक्टोबरइतकीच असते.